बीसीआर-एबीएल म्युटेशन तपासणी: गोळी बदलण्याआधी हा रिपोर्ट हातात हवाच

निकाल आधीच सांगून टाकते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल हा रक्ताचा कर्करोग असलेल्या ज्या माणसाची गोळी लागू पडेनाशी झाली आहे, त्याने दुसरी गोळी सुरू करण्याआधी ही तपासणी, म्हणजे पेशींच्या जनुकात कोणता बदल (म्युटेशन) झालाय ते बघणारी, करून घ्यावी. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण का कापला ते पुढे येईलच. ही तपासणी जुन्या पद्धतीनेही माझ्यावर झाली आणि नव्या पद्धतीनेही, त्यामुळे दोन्हींबद्दल बोलू शकते. मी डॉक्टर नाही, मुद्रितशोधनाचं काम करत आले. कागदावरचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक आकडा थांबून वाचायची सवय हाडात मुरलेली आहे आणि या आजारात ती फार कामाला आली.

ज्यांना हा आजार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं मागचं. १९६० मध्ये नॉवेल आणि हंगरफोर्ड या दोघांना सीएमएलच्या पेशींमध्ये एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र दिसलं. ते काम ज्या शहरात झालं त्यावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिलं की ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटलेले असतात. त्या सांध्यावर बीसीआर आणि एबीएल हे दोन जनुक एकत्र येतात आणि त्यांच्यापासून जे प्रथिन तयार होतं ते पेशीला अखंड ‘वाढ, वाढ’ असा आदेश देत राहतं. हे प्रथिन टायरोसिन कायनेज जातीचं आहे. एटीपी या ऊर्जा देणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनांवर बसवायचा, एवढंच त्याचं काम. इमॅटिनिबची गोळी त्याच्या एटीपीच्या खोबणीत जाऊन बसते आणि हे काम बंद पाडते. २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली.

इमॅटिनिबबद्दल माझ्याकडून एकही वाईट शब्द यायचा नाही. दिवसाला ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्यासोबत. पाणी कमी प्यायलं तर पोटात ढवळतं. सकाळी पापण्या सुजलेल्या असायच्या, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, पण या गोष्टींसोबत जगता येतं. या गोळीची मोठी चाचणी ‘आयरिस’ नावाने ओळखली जाते. तिच्यात ११०६ रुग्ण होते आणि त्यातल्या ज्यांनी सुरुवातीपासून इमॅटिनिब घेतलं त्यांच्यापैकी ८३.३ टक्के लोक दहा वर्षांनंतर जिवंत असल्याचा अंदाज निघाला. त्याआधीचा काळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना या आकड्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. माझी प्लीहा बरगडीखाली हाताला लागायची, ती पहिल्या काही महिन्यांतच आत गेली. पांढऱ्या पेशी जागेवर आल्या. बरीच वर्षं सगळं छान चाललं.

आता मुख्य मुद्दा. या गोळीचं काम बिनसायला लागलं की ते अंगाला कळत नाही. ताप येत नाही, थकवा वाढत नाही, साध्या रक्ततपासणीतही सगळं ठीक दिसतं. ते कळतं फक्त पीसीआरमधून, म्हणजे रक्तात बीसीआर-एबीएलचा किती अंश उरला आहे ते मोजणाऱ्या तपासणीतून. तिचा आकडा आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर टक्क्यांत दिलेला असला पाहिजे. उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांनी १० टक्के किंवा त्याखाली, सहा महिन्यांनी १ टक्का किंवा त्याखाली, वर्षाच्या शेवटी ०.१ टक्का किंवा त्याखाली, असे टप्पे डॉक्टर बघतात. ०.१ ला मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स म्हणतात. माझा आकडा त्याच्याही बराच खाली होता. ०.०३ च्या आसपास रेंगाळत असे.

मग एका रिपोर्टात ०.२ आलं. पुढच्यात १.६.

पहिल्या आकड्याने डॉक्टर हलले नाहीत. एकाच माणसाच्या दोन नमुन्यांमध्ये फरक तपासणीतल्या चढउतारामुळेही पडू शकतो. दुसरा आकडा आल्यावर त्यांनी नमुना परत मागवला, तोही तसाच आला. एकदा ०.१ च्या खाली गेलेला माणूस १ च्या वर जातो आणि पुन्हा तपासूनही आकडा तसाच राहतो, तेव्हा त्याला गोळीचं अपयशच म्हणतात.

यानंतर सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला: गोळ्या चुकल्या का? डॉक्टरांनी विचारलं, त्याचं मला काही वाटलं नाही. त्यांनी विचारायलाच हवं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणांत इलेक्ट्रॉनिक चिप बसवून बाटली कधी उघडली जाते याची नोंद ठेवली होती. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या त्यांच्यात सहा वर्षांत ०.१ च्या खाली जाण्याची शक्यता ९४.५ टक्के निघाली आणि ज्यांनी तेवढ्या घेतल्या नाहीत त्यांच्यात २८.४. इतका मोठा फरक असताना डॉक्टरांनी आधी हाच प्रश्न विचारणं अगदी योग्य आहे. त्यांनी बाकी औषधांचीही यादी मागितली, कारण क्षयावरची रिफॅम्पिसिन किंवा फिटवरची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन यांसारखी औषधं यकृताला कामाला लावून इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण खाली आणतात. माझ्या यादीत असं काही नव्हतं.

पण नात्यातल्या माणसांनी तोच प्रश्न ज्या सुरात विचारला तो मला लागला. जणू गोळी हरली म्हणजे मी कुठेतरी ढिलाई केली असणारच. माझी एकही गोळी चुकलेली नव्हती. बाटलीशेजारच्या कॅलेंडरवर प्रत्येक दिवशी खूण होती. म्हणून या आजाराच्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना स्पष्ट सांगते: गोळी नियमित घेऊनही पेशी तिला दाद देईनाशा होऊ शकतात. त्यात रुग्णाचा दोष नसतो. आणि याचा पुरावा कागदावर दाखवणारी जी तपासणी आहे, तिच्याबद्दलच हे सगळं लिहितेय.

पेशींमध्ये नेमकं होतं काय? ल्युकेमियाच्या पेशी सतत विभागतात आणि प्रत्येक विभागणीत डीएनएची नक्कल करताना एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. पण एखादी चूक नेमकी बीसीआर-एबीएलच्या त्या खोबणीत पडते आणि खोबणीचा आकार जरासा बदलतो. गोळीला तिथे पूर्वीसारखं बसता येत नाही, एटीपीला मात्र येतं. अशी पेशी बहुतेकदा गोळी सुरू होण्याआधीच कुठेतरी असते, लाखोंमध्ये एखादी. गोळी बाकीच्या पेशी मारते आणि हिला मोकळं रान मिळतं. गोळीमुळे हा बदल घडत नाही, गोळी त्याची निवड करते. हे मला समजलं तेव्हा मनावरचा फार मोठा भार उतरला, कारण तोवर ‘औषधाचीच सवय लागली’ असं जो-तो म्हणत होता.

इमॅटिनिब बाजारात आलं त्याच वर्षी, २००१ मध्ये, चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने या बदलांपैकी पहिला बदल रुग्णांच्या पेशींमध्ये शोधून काढला होता. आज असे पन्नासहून अधिक बदल माहीत आहेत. महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक बदल प्रत्येक गोळीला सारखा अडवत नाही. एकाने इमॅटिनिब बाद होतं पण डॅसॅटिनिब चालतं, दुसऱ्याने उलट. म्हणून कोणता बदल आहे ते न बघता गोळी बदलणं म्हणजे अंदाजाने चालणं.

तपासणी रुग्णाच्या दृष्टीने सोपी आहे. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात, एवढंच. पुढचं काम मात्र नाजूक आहे. पेशींमधला आरएनए लवकर खराब होतो, त्यामुळे नमुना एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचून त्यावर काम सुरू झालं पाहिजे. सुट्ट्यांच्या तोंडावर रक्त देऊ नका. प्रयोगशाळा आरएनएपासून डीएनएची प्रत बनवते, त्यातला बीसीआर-एबीएलचा भाग निवडून वाढवते आणि त्यातला कायनेजचा पट्टा अक्षर-अक्षर वाचते. जुनी पद्धत सँगर सिक्वेन्सिंगची. आकडा ०.१ च्याही खाली असेल तर वाचायला पुरेसा माल मिळत नाही, म्हणून सगळं ठीक असताना ही तपासणी करण्यात अर्थ नाही. ती करायची आकडा चढला की, किंवा ठरलेल्या टप्प्यापर्यंत उतरलाच नाही की.

माझा पहिला रिपोर्ट एका पानाचा होता. वर नाव, नमुन्याची तारीख, तपासणीची पद्धत. खाली एका चौकटीत: वाय२५३एच. त्याच्या शेजारी: ७५७ व्या जागी टी ऐवजी सी. म्हणजे डीएनएतल्या एका अक्षराच्या जागी दुसरं आलं आणि त्यामुळे प्रथिनातल्या २५३ व्या जागेवर टायरोसिन हे अमिनो आम्ल असायला हवं होतं तिथे हिस्टिडीन हे दुसरं बसलं. आयुष्यभर लोकांच्या मजकुरात एकेक अक्षर शोधलं आणि इथे माझ्याच रक्तातलं एक अक्षर कोणीतरी शोधून माझ्यापुढे ठेवलं होतं. त्या कागदाकडे मी बराच वेळ बघत राहिले. इतके आठवडे जे ‘काहीतरी बिघडलंय’ होतं, त्याला आता जागा होती, क्रमांक होता.

२५३ ही जागा प्रथिनाच्या एका वळणावर आहे. इमॅटिनिब आत असताना हे वळण वरून झाकण घातल्यासारखं त्याच्यावर येतं आणि टायरोसिन ती पकड घट्ट करतं. हिस्टिडीन आलं की पकड सुटते. शिवाय इमॅटिनिबला प्रथिन त्याच्या बंद अवस्थेत असतानाच बसता येतं. हा बदल त्या अवस्थेलाच डळमळीत करतो.

आणि इथेच या तपासणीने माझं अक्षरशः भलं केलं. रिपोर्ट यायच्या आधी दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घेतलं होतं. त्यांनी लगेच निलोटिनिब सुचवलं होतं. निलोटिनिब चांगली गोळी आहे, इमॅटिनिबपेक्षा बरीच जोरकस, २००७ पासून वापरात आहे. पण तिची घडण इमॅटिनिबसारखीच आहे आणि तीही बंद अवस्थेतच बसते. वाय२५३एच तिलाही अडवतो. ती सुरू केली असती तर काही महिने रिकामी उपाशीपोटी दिवसातून दोनदा गोळ्या घेत राहिले असते (निलोटिनिब घेण्याआधी दोन तास आणि घेतल्यानंतर एक तास काहीही खायचं नसतं) आणि तोवर त्या पेशी वाढत राहिल्या असत्या. सीएमएलमध्ये हे महिने फुकट घालवून चालत नाही. आजार ब्लास्ट अवस्थेत, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या शेवटच्या टप्प्यात गेला की तो परत आणणं फार कठीण होतं. माझ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, “काकू, आपण डॅसॅटिनिब घेऊ. या बदलावर ते चालतं.” एवढं एक वाक्य. ते त्या कागदाशिवाय म्हणता आलं नसतं.

डॅसॅटिनिब प्रथिनाच्या चालू अवस्थेतही बसतं, त्यामुळे त्याला २५३ च्या वळणाची इमॅटिनिबइतकी गरज नाही. दिवसाला एक गोळी, १०० मिलिग्रॅम, जेवणाचं बंधन नाही. पोटातलं आम्ल कमी करणारी ओमेप्रॅझोलसारखी औषधं मात्र सोबत नकोत, ती गोळीचं शोषण कमी करतात. ही गोष्ट ठळक अक्षरांत सांगायला हवी, कारण आम्लपित्ताची गोळी आपण ‘औषध’ म्हणून मोजतच नाही आणि डॉक्टरांना सांगायची राहून जाते. डॅसॅटिनिबचा दुसरा त्रास फुप्फुसाभोवती पाणी साठण्याचा. मला ते झालं. जिना चढताना दम लागायला लागला, एक्स-रेमध्ये पाणी दिसलं, काही काळ गोळी बंद ठेवली, मग कमी मात्रेत परत सुरू केली. आकडा सुंदर उतरला. परत ०.१ च्या खाली.

आणि परत चढला.

या वेळी डॉक्टरांनी सँगरऐवजी नव्या पद्धतीने, म्हणजे नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंगने तपासायला सांगितलं. रिपोर्टात वाय२५३एच कुठेच नव्हतं. होतं ते टी३१५आय, आणि त्याच्यापुढे प्रमाण: ३८ टक्के. म्हणजे रक्तात जेवढे बीसीआर-एबीएल होते त्यातल्या ३८ टक्क्यांमध्ये हा बदल. हे बघून मी गोंधळले. आधीचा बदल गेला कुठे? डॉक्टरांनी समजावलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. माझ्यात ल्युकेमियाच्या पेशींची एकाहून अधिक घराणी होती. इमॅटिनिब चालू असताना २५३ चं घराणं फोफावलं. डॅसॅटिनिबने ते मारलं. तेव्हा ३१५ चं घराणं, जे आधी कुठेतरी बारीकसं असेल, त्याला जागा मिळाली.

३१५ व्या जागेचा बदलही एकाच अक्षराचा आहे. ९४४ व्या जागी सी असतो, त्याचा टी होतो. एसीटी असं जे त्रिकूट आहे ते एटीटी होतं आणि थ्रिओनिनच्या जागी आयसोल्युसिन येतं. पहिल्या वेळी टी चा सी झाला होता, या वेळी सी चा टी. खोबणीच्या तोंडाशी, आत जाण्याच्या वाटेवर ही जागा आहे. थ्रिओनिनला एक हायड्रॉक्सिल गट असतो, त्याला इमॅटिनिब हायड्रोजनचा बंध बांधून धरतं. आयसोल्युसिनला तो गट नाही, त्यामुळे धरायला काही उरत नाही. शिवाय आयसोल्युसिन जास्त जागा खातं आणि गोळीला आत शिरताना अडवतं. इमॅटिनिब, निलोटिनिब, डॅसॅटिनिब, बोसुटिनिब, या चारही गोळ्या याच वाटेने जातात, म्हणून चारही एकदम बाद. सॉयर्स यांच्या गटाला २००१ मध्ये सापडलेला पहिला बदल हाच होता.

टी३१५आयवर चालणाऱ्या दोन गोळ्यांमागचा विचार मला अतिशय आवडतो. पोनॅटिनिबमध्ये दोन कार्बनच्या मधे तिहेरी बंध आहे. त्यामुळे तिथला भाग सरळ आणि सडपातळ राहतो आणि आयसोल्युसिनच्या बाजूने निसटून जातो. दुसरी ॲसिमिनिब, २०२१ ची. ती त्या खोबणीत जातच नाही. निरोगी एबीएल प्रथिनाच्या टोकाला एक छोटीशी शेपटी असते. ती प्रथिनाच्याच मागच्या एका खळग्यात जाऊन बसते आणि त्याला बंद ठेवते. बीसीआर जोडलं जाताना नेमकी ती शेपटी तुटून जाते. ॲसिमिनिब त्याच खळग्यात बसून शेपटीचं काम करतं. खोबणीच्या तोंडाशी आयसोल्युसिन असलं काय, नसलं काय, तिला फरक पडत नाही. टी३१५आय असेल तर तिची मात्रा मात्र बरीच मोठी असते, २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा.

मला पोनॅटिनिब दिलं. त्याचा इतिहास रुग्णाने माहीत करून घ्यावा. २०१२ च्या डिसेंबरमध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये रक्तवाहिन्या बंद होण्याच्या तक्रारींमुळे अमेरिकेत त्याची विक्री थांबवावी लागली. कडक इशाऱ्यांसह ते थोड्याच महिन्यांत परत आलं. आता सुरुवात ४५ मिलिग्रॅमने करतात आणि आकडा १ टक्क्यावर किंवा त्याखाली आला की १५ वर आणतात. मला मधुमेह नाही, हृदयाचा आजार नाही. हे सगळं बघूनच डॉक्टरांनी ही निवड केली. सुरू केल्यावर रक्तदाब वाढला, त्यासाठी वेगळी गोळी लागली. पायांना सूज, छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर त्याच तासाला फोन करायचा, अशी सूचना आहे आणि घरात सगळ्यांना ती पाठ आहे. आकडा उतरला आहे आणि आता मी १५ मिलिग्रॅमवर आहे.

अर्धा गुण का कापला, तर सँगरच्या नजरेमुळे. एखादा बदल साधारण १५ ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर सँगरला तो दिसतच नाही. नव्या पद्धतीला तीन-चार टक्क्यांपर्यंतचंही दिसतं. माझ्या पहिल्या तपासणीच्या वेळी ३१५ चं घराणं आत होतं की नाही, हे त्या रिपोर्टावरून कोणालाच सांगता येणार नाही, आणि ही गोष्ट मला अजूनही खटकते. तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा की नमुना कोणत्या पद्धतीने वाचणार. शक्य असेल तर नवी पद्धत मागा. एकापेक्षा जास्त बदल सापडले तर ते एकाच साखळीवर आहेत की वेगवेगळ्या पेशींमध्ये, हेही विचारा. दोन बदल एकाच प्रथिनात असतील तर पोनॅटिनिबलाही ते जड जाऊ शकतात. वेगवेगळ्या पेशींमध्ये असतील तर गोष्ट वेगळी.

दुसरी तक्रार तपासणीबद्दल नाही, एका प्रयोगशाळेबद्दल आहे. मधल्या काळात सोय म्हणून एकदा दुसरीकडे पीसीआर केलं. रिपोर्टात फक्त ‘आढळले’ असा शब्द आणि एक गुणोत्तर, आंतरराष्ट्रीय मोजपट्टीचा उल्लेखच नाही. विचारल्यावर उत्तर आलं, “मॅडम, आमच्याकडे असाच फॉरमॅट आहे.” तो कागद माझ्या डॉक्टरांना आधीच्या आकड्यांशी जुळवताच आला नाही. सगळ्या पीसीआर एकाच प्रयोगशाळेत करा आणि रिपोर्टवर आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आणि टक्का छापलेला आहे का, ते रक्त देण्याआधी बघा.

ज्यांच्या रिपोर्टात ‘म्युटेशन आढळले नाही’ असं येतं, त्यांनी पैसे वाया गेले असं समजू नये. गोळी हरण्याची सगळी कारणं या खोबणीत नसतात. काही पेशी बीसीआर-एबीएलच्या जास्तीच्या प्रती बनवतात, म्हणजे गोळी पुरीच पडत नाही. काही पेशींच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीनसारखे पंप असतात, ते आत आलेलं औषध बाहेर फेकतात. काही पेशी वाढीचा आदेश दुसऱ्याच मार्गाने, एलवायएनसारख्या कायनेजकडून घेतात आणि बीसीआर-एबीएल बंद असलं तरी त्यांचं अडत नाही. अशा वेळी खोबणीत काही नाही हे कळणंही उपयोगी असतं. मग डॉक्टर गोळीची रक्तातली पातळी बघतील, बोन मॅरो करून गुणसूत्रांत नवे बदल झालेत का तपासतील, प्रत्यारोपणासाठी भावंडांपैकी कोणाचा बोन मॅरो जुळतो का ते बघायला सुरुवात करतील.

आणखी एक गोष्ट आहे, तिला कोणतीच गोळी पुरती पोचत नाही. मुळाशी असलेल्या काही ल्युकेमिक स्टेम सेल शांत पडून असतात, विभागत नाहीत आणि जगण्यासाठी बीसीआर-एबीएलवर अवलंबूनही नसतात. म्हणून आकडा ‘सापडत नाही’ इतका खाली गेला तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. फ्रान्समधल्या ‘स्टिम’ नावाच्या चाचणीत दोन वर्षं आकडा न सापडणाऱ्या १०० रुग्णांनी देखरेखीखाली इमॅटिनिब थांबवलं. सुमारे ४० टक्के लोकांचा आजार परत आला नाही. ज्यांचा आला त्यांचा बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत आला आणि गोळी परत सुरू केल्यावर तिने पुन्हा काम केलं. गोळी थांबवून परतलेला आजार आणि गोळी चालू असताना वर आलेला आजार, हे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. दोघांना एकच समजून घाबरणारे बरेच जण प्रतीक्षाकक्षात भेटतात, म्हणून लिहिलं.

सीएमएल नसलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडतं. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात इब्रुटिनिब घेणाऱ्यांमध्ये सी४८१एस हा बदल येतो. गोळी ज्या सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमची चिकटते तेच तिथून नाहीसं होतं. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियात गिल्टेरिटिनिबसारख्या एफएलटी३ या कायनेजवरच्या गोळ्यांना कधी एफ६९१एल अडवतो, कधी पेशी आरएएस या प्रथिनाचा दुसरा मार्ग धरतात. प्रत्येकाची तपासणी वेगळी असते, पण डॉक्टरांना विचारायचा प्रश्न तोच: गोळी बदलण्याआधी पेशींमध्ये काय बदललं ते बघितलं का?

शेवटी एक काम. म्युटेशनचे सगळे रिपोर्ट, ‘आढळले नाही’ असे सुद्धा, तारखेनुसार एका फाईलमध्ये लावा आणि डॉक्टर बदलले तर ती फाईल पहिल्याच भेटीत त्यांच्यापुढे ठेवा. नव्या रिपोर्टातून जुना बदल गायब झाला म्हणजे तो संपला असं नसतं. ते घराणं मोजता येणार नाही इतकं लहान होऊन राहू शकतं आणि ज्या गोळीपुढे ते टिकलं होतं तीच परत दिली की पुन्हा वर येतं. माझ्या ताज्या रिपोर्टात वाय२५३एच नाही. पण पुढे कधी पोनॅटिनिब सोसेनासं झालं आणि कोणी नवीन डॉक्टर निलोटिनिबचा विचार करू लागले, तर त्यांना तो जुना एकपानी कागद दिसायलाच हवा.